आयर्लंडची २०२४ ची युरोपियन निवडणूक: पहिल्या पसंतीवर थांबू नका, खालचे आकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की जून २०२४ ला आयर्लंडमध्ये युरोपियन पार्लमेंटची निवडणूक झाली त्यात ग्रीन पार्टीला पाच टक्क्यांच्या वर मतं पडून एकही जागा नाही, लेबरला चार टक्केसुद्धा नाहीत तरी एक जागा, शिन फेन एवढा मोठा विरोधी पक्ष आणि १४ पैकी फक्त २, तर हा हिशोब लागतो कसा. मोजायला जवळपास आठवडा का गेला. सगळ्या युरोपात उजव्यांची लाट म्हणत होते ती इथे का दिसली नाही. आणि कॉर्कमध्ये चार वर्षं राहून त्या दिवशी तुमच्या हातात एकच मतपत्रिका का पडली.

मी २००७ पासून डब्लिनला आहे. त्याआधी महाराष्ट्रात महसूल खात्यात नोकरीला होते, तिथे एकदा शिक्षक मतदारसंघाच्या मोजणीची ड्युटी लागली होती, पसंतीक्रमाची मोजणी काय असते ते तेव्हा पहिल्यांदा हाताने केलं. इथे २०१६ पासून मोजणीच्या दिवसांत तात्पुरती कामाला जाते, डॉलची म्हणजे इथल्या लोकसभेची मोजणी केली, लोकलची म्हणजे स्थानिक कौन्सिलांची केली, युरोपियनची दोनदा केली. त्यामुळे हे पेपरात वाचून सांगत नाहीये, त्या टेबलाशी बसून जे दिसलं ते सांगतेय. उत्तर लांबणार आहे, पण तुमचे प्रश्नच असे आहेत की दोन ओळीत सांगितलं तर चुकीचं सांगितल्यासारखं होईल.

आधी टक्केवारी बाजूला ठेवा. अख्ख्या देशाची टक्केवारी टीव्हीवर दाखवतात पण त्या टक्केवारीवर इथे एकही जागा वाटली जात नाही. जर्मनी, फ्रान्समध्ये अख्खा देश एक मतदारसंघ असतो, पक्षाची यादी असते, तुम्ही यादीला मत देता, टक्के मोजले की जागा ठरल्या. आयर्लंडमध्ये तीन वेगळे मतदारसंघ आहेत, डब्लिन ४ जागा, साउथ ५ जागा, मिडलंड्स-नॉर्थ-वेस्ट ५ जागा. शेवटच्या त्या मतदारसंघात २०१९ ला ४ होत्या, या वेळी एक वाढली आणि साउथमधले लीश आणि ऑफली हे दोन जिल्हे काढून त्यात घातले. तीनही ठिकाणी माणसाला मत आहे, पक्षाच्या यादीला नाही, आणि मत म्हणजे १, २, ३, ४ असे आकडे घालायचे, जेवढे वाटतील तेवढे. ७ जूनला तीन मतदारसंघांत मिळून ७३ उमेदवार उभे होते, त्यातले २७ एकट्या मिडलंड्स-नॉर्थ-वेस्टमध्ये. सगळ्यांचे फोटो, पक्षाचं चिन्ह, आडनावाच्या अक्षरांप्रमाणे क्रम, हातभर लांब मतपत्रिका. ती बूथमधल्या छोट्या फळीवर पसरायची कशी हाच म्हाताऱ्या माणसांना प्रश्न पडायचा.

लेबरचं कोडं इथेच सुटतं. त्यांची मतं देशभर बघितली तर कमी, पण त्यातली बरीचशी डब्लिनमध्ये एका माणसाभोवती, एडॉन ओ रिअर्डॉन. ग्रीनची मतं मुख्यतः डब्लिनमध्ये किरन कफ आणि साउथमध्ये ग्रेस ओ'सलिव्हन अशी दोन ठिकाणी, दोघंही आधीचे खासदार, आणि दोघंही जागेच्या जवळ जाऊन राहिले.

आता पद्धत. तुम्ही म्हणता हे फार किचकट आहे, पण तुम्ही महाराष्ट्रातले आहात म्हणजे तुम्हाला हे आधीपासून माहीत आहे, फक्त नाव वेगळं. राज्यसभेची आणि विधान परिषदेची निवडणूक आपल्याकडे ह्याच पद्धतीने होते. जून २०२२ ची राज्यसभा आठवा. सहा जागा, सात उमेदवार. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक. पहिल्या पसंतीची मतं पवारांना ३३, महाडिकांना २७. आणि निवडून आले महाडिक. कारण भाजपच्याच पियुष गोयल आणि अनिल बोंडे ह्यांना ४८-४८ मतं दिली होती, कोटा म्हणजे निवडून यायला लागणारी मतं होती ४१ च्या आसपास, दोघांचं वरचं जे उरलं, म्हणजे सरप्लस, ते दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे गेलं. त्या रात्री सगळं महाराष्ट्र टीव्हीसमोर बसून कोटा, सरप्लस, दुसरी पसंती बोलत होतं. आयर्लंडमध्ये तेच चालतं, फरक एवढाच की तिथे २८४ आमदार होते, आणि इथे एकेका मतदारसंघात लाखांनी मतपत्रिका, आणि मतदान गुप्त, त्यामुळे कुणाची दुसरी पसंती कुठे जाईल ते कुणी आधी ठरवून ठेवू शकत नाही.

कोटा काढायचा सोपा आहे. वैध मतं घ्या, जागा अधिक एक ने भागा, येईल त्यात एक मिळवा. समजा १ लाख वैध मतं आणि ४ जागा, तर एक लाख भागिले पाच म्हणजे २० हजार, अधिक एक, २०,००१. एवढी मतं चारच जणांना मिळू शकतात, पाचव्याला पुरतच नाहीत, म्हणून हा आकडा. ज्याची मतं कोट्याच्या वर गेली तो निवडून आला, त्याची वरची मतं पुढच्या पसंतीने वाटायची. कुणीच कोट्याला पोचत नसेल तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद, त्याचा गठ्ठा उचलायचा, प्रत्येक मतपत्रिकेवर पुढची पसंती कुणाला आहे बघून त्या त्या उमेदवाराच्या खणात टाकायची. परत मोजायचं. परत खालचा बाद. असं करत वीसच्या आसपास फेऱ्या होतात. आणि ज्या मतपत्रिकेवर पुढे आकडाच नाही ती बाजूला पडते, ती संपली. शेवटी शेवटी अशा संपलेल्या मतांचा ढीग एवढा होतो की शेवटचे एकदोन उमेदवार कोट्याला न पोचताच निवडून येतात, कारण उरलेल्या जागा आणि उरलेली माणसं सारखी झालेली असतात.

एक बारीक गोष्ट आपल्याकडच्यापेक्षा वेगळी आहे आणि ती मला अजूनही चमत्कारिक वाटते. राज्यसभेला आपण प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरतो आणि सरप्लस वाटताना अपूर्णांक काढतो. आयर्लंडमध्ये अपूर्णांक नाही, अख्खी मतपत्रिकाच हलते. साउथमध्ये शॉन केली ह्यांना पहिल्याच फेरीत साधारण १ लाख २२ हजार मतं पडली, कोटा १ लाख १४ हजारांच्या घरात, म्हणजे वर उरली आठेक हजार. आता ही आठ हजार कुठली धरायची? म्हणून त्यांच्या सगळ्याच्या सगळ्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे लावतात, कुणाला किती जातात त्याचं प्रमाण काढतात, आणि त्या प्रमाणात प्रत्येक गठ्ठ्यातून वरच्या तेवढ्या मतपत्रिका खऱ्याखुऱ्या उचलून पुढच्या उमेदवाराला देतात. त्यासाठी सुरुवातीला सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकमेकांत नीट मिसळून घ्याव्या लागतात, नाहीतर एकाच गावच्या वरती यायच्या. आम्हाला हे मिसळणं मोजण्याइतकंच गंभीरपणे करायला लावतात आणि ते बरोबरच आहे.

म्हणून वेळ लागतो. मतदान शुक्रवारी ७ जूनला, त्याच दिवशी लोकल कौन्सिलचंही मतदान, लिमरिकमध्ये तर थेट महापौराचंही, ते देशात पहिल्यांदाच. शनिवारी पेट्या उघडल्या की आधी वेगवेगळ्या निवडणुकांच्या मतपत्रिका वेगळ्या करायच्या, घड्या उलगडायच्या, पालथ्या असतील तर उताण्या करायच्या. युरोपियनचा कुठलाही निकाल रविवारी रात्री १० च्या आधी जाहीर करता येत नाही कारण तोवर इटलीत मतदान चालू असतं. मग सोमवारपासून फेऱ्या. डब्लिनची मोजणी आरडीएसच्या सिमन्सकोर्ट हॉलमध्ये, साउथची कॉर्कच्या निमो रेंजर्स क्लबात, मिडलंड्स-नॉर्थ-वेस्टची मेयो जिल्ह्यात कॅसलबारला. मशिनवर करा की असं दरवेळी नवीन आलेला कुणीतरी म्हणतो. केलं होतं. २००२ ला तीन मतदारसंघांत मशिनवर मतदान घेतलं होतं, मग देशभरासाठी मशिनं घेतली, पाच कोटी युरोच्या वर खर्च झाला, लोकांचा विश्वास बसला नाही, गोदामात पडून राहिली, आणि २०१२ ला भंगारात काढली. पसंतीक्रमाची पद्धतच बंद करून टाकावी म्हणून १९५९ आणि १९६८ ला दोनदा सार्वमतही घेतलं होतं, दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. मला ह्या देशाची ही गोष्ट फार आवडते, उशीर चालेल पण समोर, हाताने, दिसेल असं मोजा.

आणि ते दिसतं खरंच. आमच्या टेबलापलीकडे बॅरियर असतो, त्याला टेकून पक्षांची माणसं उभी, त्यांना टॅलीमन म्हणतात, बायका असल्या तरी शब्द तोच. पेटी उघडून आम्ही मतपत्रिका उलगडत असतो तेव्हा ही मंडळी वाकून वाकून पहिली पसंती टिपत असतात, क्लिपबोर्डवर उभ्या रेघा, पाचव्याला आडवी. गंमत म्हणजे एकमेकांविरुद्ध लढलेले पक्ष हे आकडे आपसात वाटून घेतात, कारण एकट्याला सगळ्या पेट्या बघणं जमत नाही. अधिकृत निकाल यायच्या कितीतरी आधी ह्यांना चित्र कळलेलं असतं. पण टॅली बहुतेक पहिल्या पसंतीची असते, आणि इथेच दरवेळी अंदाज चुकतात.

आता निकालाकडे. देशभरात पहिली पसंती अशी, एकत्र सरकारात असलेले दोन जुने पक्ष फिना गेल २०.८ टक्के आणि फिआना फॉल २०.४, शिन फेन ११.१. जागा फिना गेल ४, फिआना फॉल ४, शिन फेन २, लेबर १, इंडिपेंडंट आयर्लंड नावाच्या नव्या पक्षाला १, आणि दोन अपक्ष, ल्यूक 'मिंग' फ्लॅनगन आणि मायकल मॅकनमारा. मतदान पन्नास टक्क्यांच्या जरासं वर, २०१९ सारखंच.

शिन फेन आपटली असं त्या आठवड्यात सगळे म्हणत होते आणि ते अर्धंच खरं आहे. २०२२-२३ मध्ये सर्व्हेत हा पक्ष तीस टक्क्यांच्या वर होता, पुढचं सरकार ह्यांचंच असं लोक धरून चालले होते, त्या मानाने ११ टक्के म्हणजे पडझडच. पण २०१९ च्या युरोपियनशी तुलना करा. तेव्हा मतं ११.७ टक्के आणि जागा १. या वेळी मतं थोडी कमी आणि जागा २. त्यातही मजेदार हे की २०१९ ला त्यांना मिडलंड्स-नॉर्थ-वेस्टमध्ये जागा मिळाली आणि डब्लिन, साउथ दोन्ही गेल्या, या वेळी बरोबर उलटं, डब्लिनमध्ये लिन बॉयलन आल्या, साउथमध्ये कॅथलीन फन्शन आल्या, आणि हक्काच्या वाटणाऱ्या मिडलंड्स-नॉर्थ-वेस्टमध्ये शून्य.

ते शून्य कसं आलं ह्यावर थोडं थांबते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. ह्या पद्धतीत उमेदवार किती उभे करायचे हा निम्मा खेळ आहे. शिन फेनला तिसाच्या पुढचे सर्व्हे दिसत होते म्हणून त्यांनी प्रत्येक मतदारसंघात दोन दोन, एकूण सहा उमेदवार दिले. मिडलंड्स-नॉर्थ-वेस्टमध्ये आधीचे खासदार क्रिस मॅकमॅनस आणि उत्तर आयर्लंडच्या मिशेल गिल्डरन्यू. मतं आली एका माणसापुरती आणि वाटली गेली दोघांत. तुम्ही म्हणाल एक बाद झाला की त्याची मतं दुसऱ्याला जातीलच ना. जातात, पण सगळी नाही. माणूस आपल्या भागातल्याला एक नंबर देतो आणि दोन नंबर पक्षाच्या दुसऱ्या उमेदवाराला देईलच असं नाही, तो शेजारच्या गावच्या अपक्षाला देतो. दर वेळी थोडी मतं गळतात, आणि तोवर दोघंही इतके खाली असतात की उचलून काही उपयोग नसतो. फिआना फॉलनेही तिथे तीन दिले, बॅरी कोवन, लिसा चेंबर्स, नील ब्लेनी, आणि आला एकटा कोवन. फिना गेलने दोनच दिल्या, नीना कार्बेरी आणि मारिया वॉल्श, आणि दोघी आल्या. कार्बेरी पूर्वी घोड्यांच्या शर्यतीतली मोठी जॉकी, गावोगाव लोक तिला ओळखणारे. एक जागा अपक्ष फ्लॅनगनला, आणि एक इंडिपेंडंट आयर्लंडच्या किरन मलूलीला, तो इतकी वर्षं टीव्हीवर त्या भागातल्या बातम्या देत होता, शेतकऱ्यांच्या प्रश्नावर उभा राहिला. एकाच मतदारसंघात दोन देऊन दोन, तीन देऊन एक, दोन देऊन शून्य. राज्यसभेला सहावा उमेदवार द्यायचा की नाही ह्यावर आपल्याकडे रात्री जागवतात ना, तोच प्रश्न.

ह्याचं उलट उदाहरण साउथमध्ये. फिआना फॉलने तिथे दोन दिले, बिली केलेहर आणि सिंथिया नी वुरुखू, दोघंही आले. नी वुरुखूंनी १९९४ च्या युरोव्हिजन ह्या गाण्याच्या स्पर्धेचं निवेदन केलं होतं, राजकारणात नवीन, बरेच जण त्यांना धरत नव्हते. फिना गेलची मात्र साउथमध्ये उलटी गत. शॉन केलींना इतकी मतं पडली की ते पहिल्याच फेरीत आले, पण दुसरे उमेदवार जॉन मलिन्स मागे राहिले. केलींच्या नावावर पडलेली मतं थोडी आधीच दुसऱ्याकडे वळवता आली असती तर, असं त्यांचे लोक म्हणत असतील. सरप्लस वाटून आठच हजार मिळाली, आणि तीही सगळी पक्षात राहिली नाहीत.

दुसरा मुद्दा, पुढची पसंती कोण कुणाला देतो. फिना गेल आणि फिआना फॉल हे दोन पक्ष १९२२-२३ च्या यादवी युद्धातल्या दोन बाजूंतून आलेले, घरं ठरलेली होती, फिना गेलच्या घरातला माणूस फिआना फॉलला आकडा घालत नसे. २०२० पासून दोघं एकत्र सरकारात आहेत आणि आता मतपत्रिकेवर सर्रास एकाला १ आणि दुसऱ्याला २ दिसतं. हे मी माझ्या हातातल्या गठ्ठ्यांत २०१६ ते २०२४ मध्ये बदलताना बघितलं. तसंच लेबर, ग्रीन, सोशल डेमोक्रॅट्स ह्यांचे मतदार एकमेकांना पुढची पसंती देतात.

डब्लिनची चौथी जागा ह्याच्यावर लागली. पहिल्या तीन जागा, फिआना फॉलचे बॅरी अँड्र्यूज, फिना गेलच्या रेजिना डोहर्टी आणि शिन फेनच्या लिन बॉयलन, ह्यांच्याबद्दल फारसा प्रश्न नव्हता. चौथीसाठी मात्र खरी ओढाताण, लेबरचे ओ रिअर्डॉन, ग्रीनचे कफ, आधीच्या खासदार क्लेअर डेली, आणि नील बॉयलन. हे नील बॉयलन रेडिओवर बोलणारे, इंडिपेंडंट आयर्लंडकडून उभे, इमिग्रेशनच्या धोरणावर सरकारला झोडपणारे. पहिल्या पसंतीत ओ रिअर्डॉन आणि नील बॉयलन ह्यांच्यात म्हणण्यासारखं अंतर नव्हतं. मग फेऱ्या सुरू झाल्या. मधल्या-डाव्या पक्षाचा कुणी बाद झाला की त्याच्या गठ्ठ्यातली मतं ओ रिअर्डॉन ह्यांच्याकडे सरकायची, आणि कफ बाद झाले तेव्हा तर त्यांची मतं एवढी आली की जागा तिथेच लागली.

म्हणजे ग्रीनची मतं वाया गेली असं तुम्ही म्हणता ते तसं नाही. ग्रीनच्या मतदाराचा पहिला माणूस हरला, पण त्याच्याच मताने दुसऱ्या नंबरचा माणूस ब्रसेल्सला, म्हणजे युरोपियन पार्लमेंटात गेला. पक्ष म्हणून ग्रीनला मात्र फार लागलं. २०१९ ला ११.४ टक्के आणि २ जागा होत्या, आता दोन्ही गेल्या, आणि ११ दिवसांनी, १८ जूनला, त्यांचे नेते इमन रायन ह्यांनी पक्षाचं नेतृत्व सोडत असल्याचं जाहीर केलं. डावीकडचे क्लेअर डेली आणि साउथमधले मिक वॉलेस हेही दोघं पडले. रशिया-युक्रेनबद्दलच्या त्यांच्या भूमिकेवर इथे बरीच नाराजी होती, बाहेरच्या देशांत त्यांचे चाहते खूप होते पण त्यांना इथे मत नव्हतं, आणि डब्लिनमध्ये डावीकडे उमेदवारांची गर्दीही मोठी होती.

आता लाटेचं. हे लिहिताना मी तटस्थ राहू शकत नाही ते आधीच सांगते. २३ नोव्हेंबर २०२३ ला पार्नेल स्क्वेअरला शाळेबाहेर मुलांवर चाकूहल्ला झाला आणि त्या संध्याकाळी शहरात इमिग्रेशनविरोधी दंगल पेटली, बस जाळली, ट्राम जाळली. माझी मुलगी त्या वेळी शहरातून घरी यायला निघाली होती, दीड तास तिचा फोन लागत नव्हता. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या कितीतरी आपल्याकडच्या बायका संध्याकाळनंतर सिटी सेंटरला जायचं टाळायला लागल्या. त्यात फ्रान्समध्ये ल पेन बाईंचा कडवा उजवा पक्ष ३१ टक्क्यांच्या वर गेला, जर्मनीत तसाच एएफडी हा पक्ष दुसरा आला, त्याच रविवारी रात्री ह्या बातम्या येत होत्या आणि आम्ही आरडीएसमध्ये होतो. मला भीती होती की आमच्या टेबलावरही तेच निघेल.

तसं झालं नाही. इमिग्रेशनविरोधावरच उभे राहिलेले उमेदवार बरेच होते, लहान लहान पक्षांचे आणि अपक्ष, आणि त्यांच्यातला एकही ब्रसेल्सला गेला नाही. एक कारण ते फुटले, एकेका मतदारसंघात एकमेकांचीच मतं खात उभे. पण नुसतं फुटणं हे कारण इथे पुरत नाही, कारण ह्या पद्धतीत फुटलेली मतं पुन्हा एकत्र येऊ शकतात, तीच तर तिची सोय आहे. खरं कारण मला वाटतं ते असं, की इथे निवडून यायला तुमचे कट्टर लोक पुरत नाहीत, ज्यांचा तुम्ही पहिला आवडता नाही अशा लोकांनीही तुम्हाला ३ किंवा ४ द्यावा लागतो. जो माणूस दहा जणांना फार आवडतो आणि बाकी नव्वद जणांना नको असतो तो पहिल्या फेरीत चांगला दिसतो आणि मग तिथेच अडकून बसतो. मी बघितलेल्या गठ्ठ्यांत वर १, २, ३, ४, ५ असे आकडे आणि खाली काही नावांपुढे रिकामी जागा, पुन्हा पुन्हा. ती रिकामी जागा मोजणीत कुठेच धरत नाहीत, पण मला ती वाचता येत होती.

एवढं म्हणून राग नव्हता असं मात्र समजू नका. नील बॉयलन ह्यांना पडलेली मतं काही थोडी नाहीत, मलूली तर आलेच. घरांची टंचाई, गावात हॉटेल बंद करून तिथे आश्रितांची सोय, ह्यावरचा राग खरा आहे, आणि आधी हा राग शिन फेनच्या पदरात पडत होता तो या वेळी अपक्षांकडे गेला. शिन फेनच्या जुन्या मतदाराला ते इमिग्रेशनवर मऊ वाटले आणि शहरातल्या तरुण मतदाराला ते भूमिका बदलताना दिसले, दोन्हीकडून गळती.

लिओ वराडकरांचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा दोनदा इथला पंतप्रधान झाला ह्याचं आपल्याला कौतुक आहेच. पण या निवडणुकीत ते नव्हते. ८ मार्च २०२४ ला कुटुंब आणि देखभाल ह्या विषयांवरची दोन सार्वमतं सरकार हरलं, २० मार्चला त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं, आणि ९ एप्रिलला त्यांच्या जागी सायमन हॅरिस आले. म्हणजे फिना गेलची ही निवडणूक दोन महिन्यांच्या नव्या नेत्याखाली झाली. मतं २९.६ वरून २०.८ वर आली, जागा मात्र ५ वरून ४, एकच गेली, आणि पक्षात आनंद असा की जणू जिंकलेच. त्यांची भीती ह्याहून मोठी होती.

ह्या निकालावरून पुढचं भाकीत करू नका हेही सांगते. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला डॉलची निवडणूक झाली, शिन फेन परत १९ टक्क्यांवर आली आणि ३९ जागा घेऊन दुसऱ्या नंबरचा पक्ष झाली, फिआना फॉल ४८, फिना गेल ३८. जूनमध्ये ज्यांनी शिन फेनला संपवलं होतं ते गप्प झाले. पन्नास टक्के लोक मत देतात ती निवडणूक आणि सरकार ठरवणारी निवडणूक ह्यांत लोक वेगवेगळं वागतात, आपल्याकडे जिल्हा परिषद आणि लोकसभेत वागतात तसंच.

ब्रसेल्सला गेल्यावर हे १४ जण कुठे बसतात तेही लोक विचारत नाहीत, खरं तर तिथे पक्षापेक्षा गट महत्त्वाचा. फिना गेलचे चौघं ईपीपीत, म्हणजे मधल्या-उजव्या पक्षांच्या गटात. फिआना फॉलचे चौघं रिन्यू ह्या उदारमतवाद्यांच्या गटात, आणि अपक्ष मॅकनमारा आणि इंडिपेंडंट आयर्लंडचे मलूली हेही रिन्यूमध्येच गेले, म्हणजे इथे तीन वेगळ्या चिन्हांवर आलेले सहा जण तिथे एका बाकावर. शिन फेनचे दोघं आणि फ्लॅनगन डाव्यांच्या गटात, ओ रिअर्डॉन समाजवाद्यांत. ७२० पैकी १४.

फेरमोजणीचं विचारलंत. होऊ शकते, आणि २०१९ ला साउथमध्ये मागितलीही होती. शिन फेनच्या लिया नी रीडा आणि ग्रीनच्या ग्रेस ओ'सलिव्हन ह्यांच्यात ३२७ मतांचं अंतर होतं, साडेसात लाखांच्या वर मतपत्रिका पहिल्यापासून बघायच्या तर २८ दिवस लागतील असा अंदाज निघाला. सुरुवात झाली आणि पुढे नी रीडांनीच मागणी मागे घेतली, अंतर भरून निघेल असं दिसत नव्हतं. इतकी वर्षं हे काम करून मला त्या घटनेबद्दल दोन्ही बाजूंचा आदर वाटतो.

आता तुमची एकच मतपत्रिका. इथे राहणाऱ्या कुणालाही, कुठल्याही देशाचा असो, लोकल कौन्सिलला मत आहे. युरोपियनला मत फक्त आयरिश आणि युरोपियन युनियनमधल्या देशांच्या नागरिकांना. डॉलला आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे म्हणून तुम्हाला लोकलची मतपत्रिका मिळाली आणि युरोपियनची नाही, तिथल्या बाईंनी काही चूक केली नाही. त्या एका मताला कमी समजू नका, कौन्सिलला वॉर्ड छोटा असतो, तिथे शेवटची जागा थोडक्या मतांवरही लागू शकते.

नागरिकत्व मिळालं की मात्र एक काम त्याच आठवड्यात करा. मतदार यादीत तुमच्या नावापुढे एक अक्षर असतं, एल असेल तर फक्त लोकल. तुम्ही शपथ घेतली, पासपोर्ट आला, तरी ते अक्षर आपोआप बदलत नाही, तुम्हाला कौन्सिलकडे अर्ज करून बदलून घ्यावं लागतं, आता ऑनलाइनही होतं. मला २०१३ ला नागरिकत्व मिळालं. मे २०१४ ला लोकल आणि युरोपियन एकाच दिवशी होतं, मी मुलांना घेऊन, चांगली साडी नेसून मतदानाला गेले, आणि यादीत माझ्यापुढे एलच होतं. पासपोर्ट पर्समध्ये होता, तो काढून दाखवला, पण यादीत जे आहे तेच चालतं, त्या अधिकाऱ्यांना त्यात काही करता येत नव्हतं. लोकलचं मत देऊन परत आले. पुढची युरोपियन यायला पाच वर्षं गेली. आता पुढची २०२९ ला आहे, तुमचं नागरिकत्व तोवर होईल, तर अर्ज आधी करा, आणि मतदानाच्या काही आठवडे आधी यादी परत एकदा उघडून ते अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी बघा.